गावी बसून नोकरी करतो म्हणजे साहेबाचे उपकार आहेत का?

सुपारीवाडी | सोमवार, रात्री 10:50

मंडळी, बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच. मी बॅकएंड डेव्हलपर, कंपनी पुण्याची, क्लायंट अमेरिकेतला. राहते गुहागर तालुक्यात, सासरी. नवऱ्याची नारळ-सुपारीची बाग आहे, मुलगी गावातल्याच शाळेत जाते. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये ही कंपनी धरली तेव्हाच कायम घरून काम असं ठरलं होतं आणि एचआरची तशी मेलही आहे. पहिला मॅनेजर माणूस होता. मागच्या वर्षी तो गेला आणि नवीन डिलिव्हरी मॅनेजर आले.

आता सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला, हे साहेब आधी एक शीट उघडतात. प्रत्येकाच्या नावापुढे टीम्सवरचा (ऑफिसच्या चॅट अ‍ॅपवरचा) हिरवा ठिपका, म्हणजे माणूस जागेवर आहे, किती वाजता लागला, पिवळा, म्हणजे जागेवर नाही, किती वेळ होता, सगळं भरलेलं. जिथे कमी तिथे लाल रकाना आणि तो मोठ्याने वाचून दाखवायचा. काम किती झालं, टिकेट, म्हणजे नेमून दिलेली कामं, किती बंद झाली हे शेवटी, वेळ उरला तर. परवा वादळी पावसात लाइट गेली, इन्व्हर्टरही बसला, तेवढा वेळ मी पिवळी. लगेच सगळ्यांदेखत, "काय मॅडम, आंबे उतरवायला गेला होतात का?" जुलै महिन्यात आंबे! दोघंतिघं हसले, बाकीचे गप्प. त्या आठवड्यातलं सगळ्यात अवघड टिकेट मी सोडवलं होतं, त्याचं नावसुद्धा निघालं नाही.

मागच्या गणपतीत रजा मंजूर होती, तरी ऐन आरतीच्या वेळी "पंधराच मिनिटं ये" म्हणून फोन. मी घंटा सासूबाईंच्या हातात देऊन माडीवर गेले, कॉल संपला तेव्हा खाली पंगत उठली होती. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "गावात बसून पुण्याचा पगार घेताय, एवढं तरी करायला पाहिजे." हे वाक्य ऐकलं की माझं तोंडच बंद होतं, कारण इथे आसपास दुसरी कंपनी नाही हे त्यांना चांगलं माहीत आहे.

नोटीस 90 दिवसांची आहे. हातात दुसरी ऑफर नसताना राजीनामा द्यावा का? ज्यांनी दिला त्यांचे अनुभव सांगा.

कोकमसरबत | सोमवार, रात्री 11:05

देऊ नकोस. आधी दुसरी बघ, मग दे. बाजार सध्या थंड आहे, माझी बहीण पुण्यात असून किती महिने शोधतेय.

दाभोळखाडी | सोमवार, रात्री 11:20

मी दिला होता, ऑफर हातात नसताना. पश्चात्ताप नाही, पण घरात दुसरा पगार होता म्हणून जमलं. तुमच्याकडे बागेचं उत्पन्न किती आणि कर्ज किती ते आधी कागदावर मांडा. सुपारीचे पैसे वर्षातून एकदा येतात, दर महिन्याचा हप्ता त्यावर चालत नाही, हे मी स्वतः बागायतदाराच्या घरातला म्हणून सांगतो. नोटीसचे तीन महिने सोडून निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा.

झिलगो | सोमवार, रात्री 11:48

ताय, तुमचा वाचलंय आणि माका माझो जुनो सायब आठवलो. रातचे अकरा वाजले की ह्येचो फोन. आमची आवस इचारी, "ह्यो बाबा झोपता खंय आणि जेवता कधी?" एकदा तिनाच फोन उचललान आणि सांगल्यान, "झील जेवता हा, भाकरी संपली की करीत फोन. तू जेवलंस काय?" सायब गप. तेच्यानंतर आठ दिस रातचो फोन इलो नाय. पण खरा सांगतंय, ता काय कायमचा औषद न्हय. आठ दिसांनी परत तीच कथा. शेवटी सोडलंय.

कोकमसरबत | सोमवार, रात्री 11:52

आईंना साष्टांग नमस्कार 🙏

बाळूकाका_रत्नागिरी | मंगळवार, सकाळी 7:15

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो. आम्हालाही साहेब बोलायचे, खातेदारांसमोर बोलायचे. बदली व्हायची ती थेट बिहारमध्ये. आम्ही कधी नोकरी सोडायचा विचार केला नाही. हल्ली जरा आवाज चढला की टॉक्सिक म्हणतात. घरात बसून काम करायला मिळतं, मुलगी डोळ्यांसमोर वाढते, एवढ्यासाठी थोडं सोसायला काय हरकत आहे? रागावू नये, अनुभवाने सांगतो.

पागझरी | मंगळवार, सकाळी 9:40

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवूनच लिहितो. तुमच्या मागे युनियन होती, पेन्शन होती, साहेबाला काढायचं म्हटलं तरी तुम्हाला काढता येत नव्हतं. आमचा साहेब एका मेलवर पीआयपी लावतो, म्हणजे कामगिरी सुधारायची मुदत, आणि तिच्यातून परत वर आलेली माणसं मी फार थोडी पाहिली.

माझं चिपळूणचं सांगतो. 22 जुलै 2021, वाशिष्ठीचं पाणी पहाटे घरात शिरलं. आम्ही आई-बाबांना वर माळ्यावर चढवलं, कंपनीचा लॅपटॉप पिशवीत बांधून कौलाखालच्या वाशाला टांगला. हो, तो आधी वाचवला, कारण तो हरवला तर पगारातून कापतील ही भीती. खाली फ्रीज तरंगत होता. रेंज नाही, लाइट नाही. पाणी उतरल्यावर चिखलातून हायवेकडे चालत गेलो तेव्हा कुठे फोनला टॉवर मिळाला आणि पहिला मेसेज काय आला असेल? "रिलीज तुझ्यामुळे अडकलाय, ईटीए सांग." म्हणजे काम कधी होईल ते. त्याच्या खाली एचआरची मेल, न कळवता गैरहजर राहिल्याबद्दल खुलासा द्या. त्या दिवशी चिपळूण देशभरच्या टीव्हीवर दिसत होतं. मॅनेजरने बातम्या बघितल्याच असतील, तरी त्याला माझा खुलासा हवा होता.

आवाज चढण्याचं मला काही वाटत नाही काका. माझा आधीचा लीड शिव्या द्यायचा, पण सर्व्हर पडला की रात्रभर बरोबर बसायचा आणि क्लायंटसमोर चूक स्वतःच्या अंगावर घ्यायचा. त्याच्यासाठी आजही जीव टाकीन.

बाळूकाका_रत्नागिरी | मंगळवार, सकाळी 10:30

पागझरी, हे वाचून वाईट वाटलं. पुरात माणसाला खुलासा मागणं हे आमच्या बँकेतही कोणी केलं नसतं. तुमचा मुद्दा मान्य.

हिरवा_ठिपका | मंगळवार, दुपारी 1:10

मी दुसऱ्या बाजूचा आहे, पुण्यात एका सर्व्हिस कंपनीत मॅनेजर, मूळ गाव राजापूर. लोक चिडतील, तरी आत काय चालतं ते सांगतो.

सर्व्हिस कंपनीत क्लायंट माणशी पैसे देतो. किती जण बिलिंगवर आहेत, किती तास लागले, यावर माझं मूल्यमापन. वरच्यांना दर आठवड्याला आकडे लागतात. चांगला कोड आकड्यात मांडता येत नाही, हिरवा ठिपका येतो. ज्या मॅनेजरला काम कळत नाही तो ठिपका मोजतो, सरळ हिशेब आहे. त्यात वर्षअखेरीला बेल कर्व्ह. टीममध्ये सगळे चांगले असले तरी कोणाला तरी खालच्या रकान्यात टाकावंच लागतं, आणि तेव्हा कोणाला टाकणं सोपं? जो ऑफिसात दिसत नाही, चहाला बरोबर नसतो, त्याला. गावी राहणाऱ्यांवर गदा येते ती इथे. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, मी दोन वेळा वरिष्ठांशी यावरून भांडलो आहे.

पण सुपारीवाडी ताई, शीट वाचून दाखवणं आणि आंब्याचा टोमणा यातलं काहीच वरून आलेलं नसतं. दबाव प्रत्येक मॅनेजरवर असतो, तो खाली किती जाऊ द्यायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. तुमच्या मॅनेजरने ठरवलं आहे.

आणि कृपा करून माउस हलवणारी यंत्रं, सॉफ्टवेअर वगैरे वापरू नका. ते पकडलं जातं आणि मग तुमची बाजू कितीही खरी असली तरी कोणी ऐकून घेत नाही.

कोकमसरबत | मंगळवार, दुपारी 1:25

राजापूरचे आहात म्हणून ऐकून घेतलं 😀 पण पटलं.

वायरमनची_वाट | मंगळवार, दुपारी 2:00

जरा अवांतर. लाइट जाण्यावरून बोलणी खाणाऱ्यांसाठी: राउटर आणि फायबरच्या डब्याला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. मोठा इन्व्हर्टर बसला तरी नेट काही तास चालतं, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असतेच. मी निसर्ग वादळानंतर घेतला. 3 जून 2020 ला दापोली-मंडणगडात खांब असे आडवे झाले की कित्येक गावांत महिना-महिना लाइट नव्हती. तेव्हा तो पुरला नसता ही गोष्ट वेगळी.

फणसगरा | मंगळवार, दुपारी 2:20

कुठला घेतलात? आमच्याकडे बीएसएनएल फायबर आहे, दोन डबे आहेत, दोन्ही चालतील का एकावर?

वायरमनची_वाट | मंगळवार, दुपारी 2:31

दोन पिना असलेला घ्या. डब्यामागे व्होल्ट लिहिलेले असतात, ते जुळतात का बघून घ्या, नाहीतर राउटर जळेल.

बांदा_नाका | मंगळवार, सायंकाळी 5:45

मूळ विषयावर येतो. मी वकिली करतो, कामगारांच्या केसेस बघतो.

एक. कायम घरून काम ही अट तुम्हाला मेलवर लेखी मिळाली आहे. ती नेमणुकीच्या अटींचा भाग आहे असं म्हणता येतं, त्यात मॅनेजरचे उपकार नाहीत. ती मेल आणि नेमणूकपत्र जपून ठेवा. पण नेमणूकपत्रात "कंपनी कामाचं ठिकाण बदलू शकते" असं एक कलम बहुतेक असतं, तेही वाचा.

दोन. प्रत्येक प्रसंग तारीख-वेळेसह स्वतःच्या वहीत हाताने लिहा, त्याच दिवशी. तोंडी हुकूम आला की मेल करा, "आपण आज फोनवर सांगितल्याप्रमाणे रजेच्या दिवशी कॉलला येत आहे." कंपनीचा कोड, क्लायंटची माहिती स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, त्यावरूनच तुम्हाला काढतील.

तीन, कामाचे तास. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तास होते. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे 10 करायला मंजुरी दिली, आठवड्याची 48 ची मर्यादा मात्र तशीच. जास्त कामाचा दुप्पट मोबदला कायद्यात आहे, आयटीत तो कोणी मागत नाही. रात्री फोन न उचलण्याचा हक्क आपल्याकडे अजून नाही. सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, डिसेंबर 2025 मध्ये पुन्हा मांडलं. फ्रान्समध्ये 2017 पासून कायदा आहे.

चार. कोर्टाच्या भरवशावर राजीनामा देऊ नका. चेन्नईत 2015 साली एका मोठ्या आयटी कंपनीने काढलेल्या इंजिनिअरला कामगार न्यायालयाने परत घ्यायला सांगितलं, पण निकाल आला 2022 मध्ये.

फणसगरा | मंगळवार, सायंकाळी 6:10

बाँडचं काय हो? माझ्या भाच्याने दोन वर्षांचा बाँड सही केलाय, आता सोडायचं म्हणतोय.

बांदा_नाका | मंगळवार, सायंकाळी 6:40

"सोडल्यावर दुसऱ्या कंपनीत जायचं नाही" ही अट 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 खाली सहसा टिकत नाही. "मुदतीआधी सोडलं तर पैसे भर" हे वेगळं. विजया बँकेच्या केसमध्ये मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने दोन लाखांची अट वैध धरली. म्हणून बाँड म्हणजे नुसता कागद आहे असं समजून भाच्याने निघू नये. रक्कम किती, प्रशिक्षणावर खरंच खर्च झाला का, हे बघावं लागेल.

शेवंतीची_वेणी | मंगळवार, रात्री 9:30

सुपारीवाडी, एक विचारते, इथे उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. रात्रीच्या कॉलला एकटीला व्हिडिओ चालू ठेव, कपड्यांवरून, घरावरून काही बोलणं, असलं काही आहे का? असेल तर ते या मॅनेजरच्या शीटमध्ये मिसळू नकोस. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कंपनीत अंतर्गत समिती असावी लागते, घरून काम करतानाचं वागणंही त्यात येतं, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. मुदतीमुळे मुद्दाम लिहिलं, माझ्या मैत्रिणीची मुदत विचार करण्यातच गेली.

दुसरं, तुझी झोप कशी आहे? मला शेवटी शेवटी रविवारी दुपारपासून पोटात गोळा यायचा. समोर समुद्र, घरात माणसं, ताटात बांगडा, आणि घास उतरायचा नाही. टीम्सच्या मेसेजचा आवाज दुसऱ्याच्या मोबाइलवर वाजला तरी छातीत धडधड. मी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन केला, 14416, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जिल्हा रुग्णालयात कोणाला भेटायचं ते सांगितलं. गावात "हिला काय झालंय, घरातच तर असते" असं लोक म्हणतात, त्यामुळे आपण बोलत नाही. तू बोल.

सुपारीवाडी | मंगळवार, रात्री 10:15

शेवंती, तसलं काही नाही, पण विचारलंस म्हणून खूप बरं वाटलं. झोपेचं मात्र तू लिहिलंस तसंच आहे. पहाटे जाग येते आणि आधी मोबाइल बघते, काही आलंय का. काल मुलीने विचारलं, आई तू पिवळी झालीस का गं? तिला वाटतं तो काहीतरी आजार आहे. उद्या त्या नंबरवर फोन करते.

पागझरी | मंगळवार, रात्री 10:22

नक्की कर ताई.

दाभोळखाडी | बुधवार, सकाळी 8:50

पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट आता लक्षात आली. तुम्ही ऑक्टोबर 2021 ला लागलात ना? म्हणजे या ऑक्टोबरमध्ये पाच वर्षं होतात. ग्रॅच्युइटी बघा, पाच वर्षं भरली की नोकरी सोडताना मिळते ती रक्कम! शेवटच्या मूळ पगाराचे 15 भागिले 26 गुणिले वर्षं. ती शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत मोजतात, राजीनामा दिल्याच्या तारखेपर्यंत नाही. पण आज राजीनामा देऊन नोटीसमध्ये पाच वर्षं भरतील असा हिशेब करू नका, कंपनी नोटीसचा पगार देऊन आधीच मोकळं करू शकते. पाच भरेपर्यंत तोंडातून शब्द काढू नका.

आणि पीएफ. कंपनी सोडल्याची तारीख भरायला जुनी कंपनी टाळाटाळ करते. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने गेले की आपणच पीएफच्या यूएएन पोर्टलवर ती भरू शकतो. मला हे माहीत नव्हतं म्हणून एचआरच्या मागे उगाच फिरलो.

बांदा_नाका | बुधवार, सकाळी 9:30

बरोबर. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर थकीत वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. कंपन्या अजून "45 दिवसांत फुल अँड फायनल" छापतात, त्यांना हे कलम मेलमध्ये लिहून पाठवा.

झिलगो | बुधवार, सकाळी 10:05

ह्या सगळा ठीक, पण यंदा गणपतीची रजा तिका मेळतली काय? 14 सप्टेंबराक चतुर्थी हा. थंयसून सुरवात करा.

हिरवा_ठिपका | बुधवार, सकाळी 11:15

झिलगो बरोबर बोलतोय. रजा आजच सिस्टीममध्ये टाका, त्या दिवसांत तुमचं काम कोण बघेल त्याचं नाव लिहा, आणि त्याच मेलमध्ये "या काळात मी फोनवर उपलब्ध नाही" हे साध्या शब्दांत घाला, कारणं देऊ नका. एचआरला सीसी ठेवा. लेखी आल्यावर बहुतेक मॅनेजर जरा सांभाळून वागतात. सगळेच नाही.

बाळूकाका_रत्नागिरी | बुधवार, दुपारी 12:00

आणि आरतीच्या वेळी फोन घरच्या दुसऱ्या माणसाकडे द्या. झिलगोच्या आईसारखी कोणीतरी घरात असेलच.

सुपारीवाडी | बुधवार, रात्री 9:05

सगळ्यांचे आभार, खरंच. सकाळी 14416 ला फोन केला, पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला जातेय. दुपारी नवऱ्याबरोबर बसून हिशेब मांडला, कर्ज, बाग, मुलीचा खर्च, सगळं. राजीनामा ऑक्टोबरपर्यंत नाही. तोपर्यंत रोज वही लिहिणार. गणपतीच्या रजेची मेल गेली, एचआर सीसीमध्ये. आणि आज स्टँडअपला लाल रकाना वाचून झाल्यावर मी शांतपणे म्हटलं, "सर, या आठवड्यातल्या बंद झालेल्या टिकेटचे आकडे पण वाचूया का?" ते म्हणाले नंतर बघू. पण टीममधल्या दोघांनी मागून मेसेज केला, बरं झालं बोललीस. त्यातला एक हसणाऱ्यांपैकी होता.

गावात बसून काम करते म्हणून मी कोणाची देणेकरी नाही. काम करते, त्याचा पगार घेते. एवढं तरी आता डोक्यात पक्कं झालंय.

ऑफर आतापासून शोधायला लागते. घरून काम देणाऱ्या कंपन्या कोणाला माहीत असतील तर सांगा.

पागझरी | बुधवार, रात्री 9:20

आमच्याकडे दोन जागा निघणार आहेत, पूर्ण रिमोट. कशावर काम करतेस?

सुपारीवाडी | बुधवार, रात्री 9:24

जावा, स्प्रिंग बूट. काफ्कावर दोन प्रोजेक्ट केलेत.

पागझरी | बुधवार, रात्री 9:26

चालेल. मेसेज केलाय, बायोडेटा पाठव. आणि नोटीस 90 दिवसांची आहे हे त्यात आधीच लिही, आमच्या एचआरला नंतर कळलं की कुरकुर करतात.